बाकावरची रमीबाई

३ फेब्रुवारी
कोंबड्यांना दाणे टाकले, भाकऱ्या थापल्या, नवऱ्याच्या, स्टीफनच्या फोटोवरची धूळ पुसली आणि नवापूरची जीप धरली. तो गेल्यापासून इतकी हलकी सकाळ उजाडली नव्हती. डोळ्यांच्या दवाखान्यात आज माझा पहिला दिवस. फरशी, चहाचे कप, व्हरांड्यातला निळा बाक, सगळं माझ्याकडे. डॉक्टरांना आमची मावची बोली येत नाही, म्हणून डोंगरातल्या पेशंटांचं बोलणं मीच मराठीत सांगायचं. कामिनी सिस्टर हसून म्हणाली, “रंजना, तू ते आते अर्धी डॉक्टरीण शे!” वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकलेली मी. स्टीफन असता तर किती हसला असता.

९ फेब्रुवारी
डोंगरातल्या रमीबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन काल झालं. आज ती पट्टी बांधून बाकावर बसली होती. पुसताना म्हटलं, बाय, पाय वर घे. तिने घेतले आणि माझा हात धरून मावचीत म्हणाली, डोळ्यात मिरची भरल्यासारखं होतंय, डोकं फुटतंय, डॉक्टरला सांग. डॉक्टर सुरतेला लग्नाला निघाले होते, चिडलेले. काय म्हणते, त्यांनी विचारलं. नव्या नोकरीत कटकट आणणारी बाई व्हायचं नव्हतं मला. मी म्हणाले, जरा चुरचुरतं म्हणते. पट्टी न सोडताच त्यांनी तिला घरी पाठवलं.

२० फेब्रुवारी
रमीबाईचा मुलगा होळ्या आला होता. म्हणाला, आईच्या डोळ्यात पू झाला. सुरतेच्या दवाखान्यात डोळा काढला; लवकर आणली असती तर वाचला असता, असं तिथे म्हणाले. होळ्याने भरपाईचा दावा केलाय. डॉक्टर म्हणतात, पेशंटने तक्रारच केली नव्हती, रंजनाला विचारा. होळ्याने मला मावशी म्हणून हाक मारली. मी मान खाली घालून कपाट पुसत राहिले.

४ मार्च
सकाळी रमीबाई बाकावर. पट्टी तशीच. पाय वर घे म्हटलं, घेतले. खालून पुसलं. कामिनीला विचारलं, ही परत कशी आली? ती म्हणाली, बाक रिकामा आहे. रमीबाई अजून सुरतेलाच आहे.

७ मार्च
आजही. मी जाईन तिकडे तिचं तोंड वळतं. चपला काढून चालले तरी वळतं. पट्टी ओली आहे. पुन्हा तेच म्हणते. मिरची. सांग.

११ मार्च
माझा उजवा डोळा पेटलाय. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. काही नाही म्हणाले, जरा चुरचुरत असेल. उद्या होळ्याच्या दाव्याच्या चौकशीत एवढंच सांग, म्हणाले —
स्टीफनच्या फोटोकडे बघवत नाही.

१३ मार्च
काल मी चौकशीला गेले. ती शेजारी बसली होती. साहेबांनी विचारलं, रमीबाई काय म्हणाली होती? मी सगळं सांगितलं. मिरची, फुटणारं डोकं, डॉक्टरला सांग. मावचीत, तिच्याच शब्दांत. होळ्या रडायला लागला. साहेब म्हणाले, मराठीत सांगा. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. ती माझ्या तोंडाशी वाकली —
मी म्हणाले, जरा चुरचुरतं —