नृसिंहरावांचे धाडस

जामखेड, ता. ९ ऑगस्ट १९४३

ती. सहादेवदादांस विजयमालेचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. सुचीचा खोकला गेला. तुमच्या मोटार कंपनीच्या कचेरीत अवश्य सांगा, की गुरुवारी ओढ्याला पूर आला, तीन गाड्या काठावरच थांबल्या, पण ह्यांनी आपली सर्व्हिस मोटार पाण्यात घालून पार नेली. उतारूंनी हार घातला! मागच्या महिन्यात तर पैजेखातर दुसऱ्याच्या हाती चाक देऊन हे चालत्या मोटारीच्या टपावर चढले होते. तुम्ही लहानपणी बैल उधळला की मला टाकून पळायचात, म्हणून मुद्दाम कळवते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, पत्रही येऊ द्या.
तुमची, मालू

नगर, ता. १६ ऑगस्ट १९४३

चि. सौ. मालूस अनेक आशीर्वाद.

तो बैल खरोखरच मारका होता. असो, चेष्टा पुरे.

नृसिंहरावांना मोटारीवर मीच शब्द टाकून लावले, तेव्हा लिहिणे भाग आहे. आपले काकासाहेब तुला धड आठवत नसतील. ते घोडा असाच बेफाम सोडत, विहिरीच्या कठड्यावरून चालत, आणि आम्ही पोरे टाळ्या वाजवायचो. घरात बाटली सापडली ती चार वर्षांनी. तोवर सगळे त्याला धाडसच म्हणत होते, आजीसुद्धा. तुझे पत्र वाचून तेच सगळे आठवले. पुराच्या दिवशी गाडी काढण्याआधी ते कुठे होते, एवढे विचार. मी चुकलो असेन तर वाटेल ते बोल.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
सहादेव

जामखेड, ता. ३० ऑगस्ट १९४३

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचा फार राग आला. पत्र फाडणारच होते. मग ध्यानात आले, की दात दुखतो म्हणतात म्हणून रोज ह्यांच्या खिशात लवंगा मीच घालते, आणि वर्षभरात हे वैद्यांकडे एकदाही गेलेले नाहीत. म्हणजे लवंगा तोंडाचा वास झाकायलाच लागत होत्या. पुराच्या दिवसाचे विचारले तेव्हा हसत म्हणाले, की थोडी घेतल्याशिवाय धमक येत नाही.

काल सकाळी सुचीला मांडीवर घेऊन चाकापुढे बसले. तोंडाला वास येत होता. मी पोरीला ओढून घेतले आणि उतारूंना मोठ्याने सांगितले, की हे प्यालेले आहेत. सगळे खाली उतरले. बनुबाई माळीण तेवढी म्हणाली, की घरातली गोष्ट हाय, बाई, रस्त्यावर कशापायी आनली.

हे घरीच आहेत, माझ्याशी बोलत नाहीत. बायकोने नवऱ्याची भाकरी घालवली, असे गावभर झाले आहे. दादा, कंपनीचे मालक तुम्हालाच विचारतील. माझ्याकडे बघून तुम्ही झाकायला जाल, आणि माझेही मन तेच म्हणते. तरी झाकू नका. ह्यांच्या हाती पुन्हा चाक देऊ नका, असे तुम्हीच सांगा. मला हे जिवंत हवे आहेत.

माझ्यावरचा लोभ मी जाणते. ह्यांच्यावरचाही तसाच राहू द्या.
मालू