वाढत्या अंगाचं माप

४ जून
शिवताना सुई टोचू नये म्हणून घालते तो अंगुस्ताना बोटात जाईना! वीस वर्षं वापरातला, पितळी. साबण लावून पाहिला — नाहीच. काजं करणारी बाई म्हणते, "ताई, मूठभर मांस चढलंय तुमच्या अंगावर!" वजन तर तेवढंच आहे. चपलाही आखूड व्हायला लागल्यात.

१७ जून
हार्मोनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. मग लग्नातला फोटो मागितला. एकदा फोटोकडे बघायच्या, एकदा माझ्याकडे. "नाक, जबडा... बदल दिसतो ना तुम्हाला?"
मला दिसला नव्हता. गिऱ्हाइकाचा खांदा अर्धा इंच उतरला तरी माझ्या डोळ्यात खुपतो, आणि रोजच्या आरशात काही दिसू नये!

२३ जून
ग्लुकोजचं पाणी पाजून दर अर्ध्या तासानं रक्त घेतलं. वाढीचं हार्मोन खाली यायला हवं होतं. आलं नाही.

३० जून
मेंदूच्या फोटोत गाठ दिसली.
डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढून दाखवलं. वर हायपोथॅलॅमस, त्याखाली लोंबणारी मटाराएवढी पिट्युटरी. वरून निरोप येतो, मग ही थायरॉइडला, अंडाशयांना, साऱ्यांना हुकूम सोडते. अंगात पुरेसं झालं की तसं वर कळतं आणि निरोप थांबतो. "तुमची गाठ मात्र कुणाचंच ऐकत नाही, वाढीचं हार्मोन सोडतच राहते." म्हणजे ठार बहिरा कारागीर — पुरे म्हटलं तरी याची कात्री चालूच!
नाकातून ऑपरेशन करणार. हे म्हणाले, "होईल सगळं नीट," आणि भिंतीकडे बघत बसले. मला फार भीती वाटते.

८ जुलै
वीस तारीख मिळाली ऑपरेशनची.
लेकीचा शाळेचा झगा उसवून लांब केला. वर्षात तिसऱ्यांदा! वाढत्या अंगाचं म्हणून दुमडीत चार बोटं माया ठेवते मी, तेवढं जादा कापड दाबून. आज तीही संपली. "आई, बास झाली आता उंची, मागच्या बाकावर टाकतात मला." म्हटलं, आजोबांवर गेलीस गं! सोळा सरली तरी वाढतेय माझी पोर. कितीतरी दिवसांनी हसू आलं.
बाबाही असेच ताडमाड होते. हात तर सुपाएवढे. पन्नाशीच्या आत हृदयानं गेले.

१२ जुलै
बाईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला होतं का? सहसा आईबापांकडून येत नाही, पण क्वचित येतं."
छे, कुणालाच नाही, म्हणून ठासून सांगितलं. घरी येताना अर्ध्या वाटेत बाबांचे हात आठवले.

१३ जुलै
मापांची वही काढली. लेकीचं पान. वर्षात सव्वाचार इंच, माझ्याच अक्षरात. आणि मी कौतुकानं शिवण उसवत होते!
तिला हाक मारली. अंगुस्ताना पुढे केला. गेल्या वर्षी तिला सैल व्हायचा.
बोटात गेला नाही.