प्रजासत्ताक वाचवताना मी कुठे बसलो होतो

५ जानेवारी, सकाळ
ठरलं. रोमचं प्रजासत्ताक मी वाचवणार. बाकी कोणाच्यात दम नाही.

बातमी पक्की आहे. यादवी जिंकून रोम खिशात घातलेला तो पोरगा तेरा तारखेला सिनेटमध्ये उभा राहून सैन्य, प्रांत, सगळी सत्ता परत करणार. पोरगा म्हणजे पस्तिशीचा घोडा आहे, पण आजीच्या भावाच्या नावावर मोठा झालेल्याला पोरगाच म्हणायचं. घाबरलाय. मागच्या बैठकीत मी त्याच्याकडे एकदा रोखून पाहिलं होतं, त्याचा परिणाम.

सत्ता परत आली की निवडणुका खऱ्या होतील, आणि मी प्रीटर होऊन न्यायासनावर बसेन. आजोबा प्रीटर, बाबा प्रीटर. दोघांचे मेणाचे चेहरे दिवाणखान्यातल्या कपाटात आहेत. तिसरा कप्पा रिकामा. पद मिळाल्याशिवाय तिथे चेहरा लागत नाही. मी चव्वेचाळीसचा. यंदा नाही तर कधीच नाही. कॉर्फिडिया म्हणते, मग त्यात मी कांदे ठेवीन. बायको आहे, सोडून दिलं.

७ जानेवारी
भाषण तयार. सार असं: राजीनामा मंजूर, आभार, दार तिकडे आहे. आवाजासाठी मध. दारू बंद.

फिलोला म्हणून दाखवलं. गुलाम असला तरी त्याला भाषणातलं कळतं. म्हणाला, झकास आहे मालक, पण तुम्हाला बोलायला सांगणार कोण? मागच्या बाकावरच्यांना मत विचारतात कुठे, ते नुसते मतदानाला उठून चालतात ना? म्हटलं, या वेळी विचारतील. त्याला भाषणातलं काही कळत नाही.

९ जानेवारी
हमामात टिटिनियसकाका भेटले. माजी कॉन्सल. म्हणाले, अरे मानियस, तो सोडतो म्हणणार, आपण नको नको म्हणायचं. आहेर नको म्हणणाऱ्याच्या हातात कोंबतात ना, तसं.

हा माणूस एकेकाळी सैन्य घेऊन लढला होता! आता तोंडात दात नाहीत आणि पाठीला कणा नाही. थू.

मेहुणा आला होता. म्हणे, मोठ्या घरी, म्हणजे त्या पोराकडे, तुमच्यासाठी शब्द टाकू का? मी म्हटलं, टुर्पिलियस घराणं याचना करत नाही. कॉर्फिडिया म्हणाली, टुर्पिलियस घराणं दुसरंही काही करत नाही. संध्याकाळी थोडी दारू घेतली, घशासाठी.

१३ जानेवारी, संध्याकाळ
काय झालं ते नीट लिहून ठेवतो, कारण लोक काहीही बोलताहेत.

त्याने राजीनामा वाचला. संपायच्या आत रडारड सुरू. आम्हाला सोडून जाऊ नका, म्हणे. चारशे-पाचशे मोठी माणसं! मयताला भाड्याने आणलेल्या रडणाऱ्या बायका बऱ्या, त्या निदान सुरात रडतात.

मला कोणी विचारलं नाही.

गुडघ्यांमुळे टिटिनियसकाका पुढे न जाता दाराशी, माझ्याच शेजारी टेकले होते. त्यांचं नाव पुकारल्यावर उठले आणि तिथूनच प्रस्ताव मांडला: प्रांत त्यानेच ठेवावेत. मग मतदान. आमची रीत जुनी आहे, प्रस्ताव पटला त्याने मांडणाऱ्याजवळ जायचं, नाही पटला त्याने समोरच्या बाजूला.

मी मनाशी म्हटलं, मानियस, आता हलायचं नाही. जग पळू दे. आणि पळालेच सगळे, मेंढरं मेली! चपला तुटल्या, एकाचा झगा फाटला. मी ढिम्म. एकटा. डोळे भरून आले माझे. वाटलं, बाबा बघत असतील.

मग पाठीवर थापा पडायला लागल्या. वा रे पठ्ठ्या, म्हणाले, तू तर आधीपासूनच इथे! काकांनी तर मिठीच मारली.

विरोध करायचा तर उठून पलीकडे जायला हवं होतं. पलीकडे कुत्रंही नव्हतं.

तत्त्वतः मी विरोधातच बसलो होतो.

१४ जानेवारी
उद्या चौकात उभं राहून जाहीर खुलासा करणार. सकाळी दारावर मुजऱ्याला एरवी दोघे येतात, आज अंगण भरलं. प्रत्येकाने माझ्या निष्ठेचं कौतुक केलं. लाचार लेकाचे. थंडी फार होती, म्हणून त्यांची चूक दुरुस्त केली नाही.

१६ जानेवारी
सिनेटने त्याला मानाचं नवीन नाव दिलं, त्याच्या दारावर पाल्याचं तोरण बांधलं. नाव काय, तोरण काय! मी ओरडणारच होतो, पण घसा बसलाय. मताला मात्र या वेळी लगेच उठून गेलो. बसून राहिलं की गैरसमज होतात.

खुलासा पुढच्या आठवड्यात.

२० जानेवारी
मेहुणा सांगत आला: निवडणुका पूर्वीसारख्याच, अगदी मोकळ्या. तो फक्त काही नावांची शिफारस करणार. प्रीटरच्या जागांपैकी एका जागेचं नाव अजून ठरायचंय. तुमच्या बसण्याची तिथे चर्चा आहे, म्हणाला, एकदा तोंड दाखवून या.

मी हाकलून दिलं त्याला. मग फाटकापर्यंत जाऊन विचारलं, किती वाजता जावं लागतं.

साध्या सिनेटरचा खुलासा कोण ऐकतो? प्रीटरच्या खुलाशाला वजन असतं. आधी पद, मग खुलासा. कॉर्फिडियाने तिसरा कप्पा पुसून ठेवला. रडू आलं.

२३ जानेवारी
पहाटे मोठ्या घरी गेलो. रांग टेकडीखालपर्यंत. सगळं सिनेट तिथे! लाज नाही एकेकाला.

दारावरच्या ग्रीक कारकुनाने विचारलं, काय काम? मी मागच्यांनाही ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, तेराला त्यांच्या बाजूने सगळ्यात आधी मी होतो, आणि अगदी मनापासून. घसा उत्तम चालला. या हिवाळ्यातलं माझं एकमेव भाषण.

त्याने मान वर केली नाही. म्हणाला, अहो, ते सगळेच सांगतात. त्या जागेचं नाव कालच ठरलं, टिटिनियससाहेबांचा जावई. तरी थांबायचं असेल तर मागे उभे राहा.

मागे जाऊन उभा राहिलो. दुपारी दार बंद झालं.

उद्या लवकर निघायला हवं.