काळ्या पाकिटातला कागद

मी, या घराची मालकीण आणि दोन हट्टी मुलांची आई, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीवर राहून लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाई खाली लिहून देतील. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. तसा दबाव आणणारा अजून जन्माला यायचा आहे.

१. घर आणि बँकेतली शिल्लक थोरला व धाकटी यांना निम्मी निम्मी. यात कोणी फाटे फोडू नयेत.

२. स्वयंपाकघरामागच्या डार्करूममधला फोटो मोठा करायचा एन्लार्जर, ट्रे आणि चिमटे माझ्या सुनेला. फोटोतला चेहरा काळवंडू नये म्हणून उजेडाच्या आड हात धरावा लागतो, तो ती न शिकवता धरते. फक्त फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरचा चिमटा फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरमध्ये घालू नकोस गं बाई, केल्या कामावर पाणी पडते.

३. "विचारल्याशिवाय दार उघडू नये" ही पाटी माझ्या धाकट्या दिरांना. एका लग्नाचे फोटो ट्रेमध्ये असताना त्यांनी काडेपेटी शोधायला दार उघडले आणि नवरानवरीसकट सगळे वऱ्हाड काळेठिक्कर पडले. वर मलाच म्हणाले, "वहिनी, एवढ्याशा उजेडानं काय होतंय?" पाटी त्यांनी दिवाणखान्यात लावावी.

४. आता मुद्द्याचे. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात असलं काही लिहीत नाहीत हो." म्हटले, "तुमच्यात नका लिहू. माझ्यात लिहा."

मुलांचे बाबा गेले तेव्हा धाकटीला वेळेवर कळले नाही. ती पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. भावाने मुद्दाम कळवले नाही असे तिने धरले, तेव्हापासून दोघांत अबोला आहे. खरे तर आदल्या दुपारी बाबांनीच थोरल्याला बजावले होते, "तिला सांगायचं नाही. उगाच धावत येईल. उद्या हिंडायला लागतो की नाही बघ." हे मी तिला सांगितले, तर म्हणाली, "तू त्याचीच बाजू घेणार." थोरला बाबांना दिलेला शब्द पाळून मूग गिळून बसला आहे. जेवताना दोघांच्या मध्ये बसून मीठसुद्धा मीच इकडून तिकडे देते.

यंदा जुन्या कॅमेऱ्यात त्याच दुपारचा रोल सापडला. बाबा खुर्चीत बसलेत आणि ओठांवर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगताहेत. निगेटिव्ह ओलीने खराब झाली होती. एन्लार्जरमधून एका कागदावर उजेड दिला आणि निगेटिव्हचा थर काचेला चिकटून सुटला. दुसरा प्रिंट आता निघणार नाही. तो कागद मी अजून रसायनात धुतलेला नाही. काळ्या पाकिटात बंद आहे, उमटेपर्यंत कोराच दिसेल.

मी धुऊन दिला असता तर एकाने तोरा मिरवला असता आणि दुसरीने फाडला असता. डोळ्यांदेखत उमटलेला फोटो कोणी फाडत नाही, हे मी जन्मभर पाहिले आहे. म्हणून तो दोघांनी मिळून धुवावा. लहानपणी करायचात तसेच: थोरल्याने दार राखायचे, धाकटीने ट्रे हलवायचा. सुनेने रसायन कालवून द्यावे आणि बाहेर थांबावे.

हे होईपर्यंत घराची वाटणी होणार नाही. वकीलसाहेबांनी किल्ल्या सोडू नयेत. फार दिवस लावू नका, कागदावरचे न धुतलेले चित्र हळूहळू विरते. पुढे त्या खोलीत थोरल्याने न्हाणीघर करावे नाहीतर कोंबड्या पाळाव्यात, माझी हरकत नाही.

स्थळ: घरची डार्करूम, दार उघडे.
दिनांक: वकीलसाहेबांनी माथ्यावर घातला आहे तोच.
सही: मुलांची आई

साक्षीदार:
डॉक्टरीणबाई (बाई शुद्धीवर आहेत. माझ्यापेक्षा जास्त.)
शेजारचे शिंपीदादा

ताजा कलम: आधी खुर्ची उमटेल, मग चष्मा. धाकटे, तिथेच थांबून "दिसले बाबा" म्हणशील आणि कागद बाहेर काढशील. काढू नकोस. बोट उजळ आहे, ते सगळ्यांत शेवटी येते. हात दुखला तर ट्रे दादाकडे दे. दार मग बाहेर थांबलेली वहिनी राखेल, तुम्ही दोघे आत आहात.