पिवळं, जांभळं आणि मधलं हिरवं

पंचशीलनगर, जि. अहमदनगर
रविवार, ९ मार्च १९९७

प्रिय नितीन,

जय भीम. आई बरी आहे. तुझ्या वहिनीच्या शाळेत परीक्षांची गडबड आहे. मीही ठीक. नाशिकला तुला तळमजल्यावरची खोली मिळाली आणि समोर नळ आहे, हे आईला आलेल्या पत्रातून कळलं. सात महिन्यांत तिला तुझी चार पत्रं आली. चारही मीच वाचून दाखवली. प्रत्येकाच्या शेवटी 'दादांना नमस्कार' एवढे दोनच शब्द. पाटबंधारे खात्याच्या साहेबालासुद्धा माणूस याहून जास्त लिहितो.

इकडची बातमी म्हणशील तर, यंदा वस्तीत कुणी अंगणात कुरडया घालणार नाही. मागच्या आठवड्यात छबूबाईने खाटभर घातल्या होत्या. संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट राखाडी. तळल्यावर दाताखाली कचकच. आप्पासाहेबांचं खडी क्रशर आता दोन पाळ्यांत चालतं, आणि वारा पश्चिमेकडून आला की सगळं पीठ आपल्याकडे. माझ्या पुस्तकांच्या कपाटावरून रोज फडकं फिरवतो. वर्गात मुलं हसतात, म्हणतात सरांचे केस पांढरे झाले. झटकले की काळे होतात.

छबूबाई त्या कुरडया कोंबड्यांना टाकताना म्हणाली, "नितीनचा पट्टा ऱ्हायला असता तर बरं झालं असतं." मी ओट्यावर होतो. मला ऐकू यावं म्हणूनच म्हणाली.

नितीनचा पट्टा. जमिनीवर एक रोपटं लागलं नाही, झाडांसाठी राखलेला कागदावरचा एक हिरवा रंग तेवढा, तरी त्याला तुझं नाव पडलं. मी या गावात बावीस वर्षं बोलतोय. पाण्याच्या टाकीसाठी बोललो, स्मशानाच्या रस्त्यासाठी बोललो, क्रशर आलं तेव्हा ते बंद करा म्हणून तहसीलसमोर भर उन्हात तीन तास बोललो. क्रशर बंद झालं नाही. टाकी आली, पण तिला कुणी महेंद्रची टाकी म्हणत नाही.

हे मी हसत लिहितोय असं समजू नकोस.

विकास आराखड्याच्या ऑगस्टमधल्या सुनावणीबद्दल आपण कधी बोललो नाही. मी काय बोललो ते तुला पाठ असेल, गावाला तर आहेच. नगरपालिकेच्या सभागृहात समिती समोर बसलेली, तू कोपऱ्यात नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन. आराखडा करणाऱ्या पथकात आपल्या वस्तीतला पोरगा आहे, म्हणून बायासुद्धा आलेल्या. आमच्या सरपोतदार मास्तरांनीही तुझ्याकडे बोट दाखवून शेजारच्याला सांगितलं, तो बघा धाकटा. मग माझ्याकडे बघून म्हणाले, आणि हा त्याचा भाऊ.

त्याचा भाऊ. चव्वेचाळीस वर्षांचा मी.

मग माझं नाव पुकारलं. मी उठलो आणि म्हणालो, आमच्या बापजाद्यांना या गावाने वेशीबाहेर ठेवलं. वेस पडली, तर आता सरकार झाडांची वेस बांधतंय. साठ फूट रुंद, तीन रांगा. मागे कोण राहतं ते दिसू नये म्हणून. आम्ही छप्पन साली जुनं सगळं सोडलं ते या हिरव्या पडद्यामागे बसायला नाही. आम्हाला आडोसा नको, बरोबरी पाहिजे.

सभागृह उठून उभं राहिलं. म्हातारे रडले. रडणारच. वस्तीतल्या रंभाजीबाबांना पाटलाच्या विहिरीपासून वीस पावलं लांब थांबावं लागायचं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी बोललो त्यातलं दुखणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते लागलं. समितीने तिथेच शिफारस लिहिली, स्थानिकांच्या तीव्र भावना लक्षात घेता पट्टा वगळावा.

तू उठला नाहीस. एवढं तरी म्हणायचं होतंस की दादा, ती झाडं आपल्याभोवती नाहीत, क्रशरभोवती आहेत, आणि जमीनही क्रशरवाल्याचीच जाणार आहे. तू नकाशाच्या गुंडाळीला रबरबँड लावलास आणि निघून गेलास. तुझ्या त्या गप्प बसण्याचाही मला हेवा वाटला. मला कधी जमलं नाही.

पहिली टाळी कुणाची होती, हे तुला ठाऊक नाही. तू खाली बघत होतास. आप्पासाहेबांची होती. बाहेर पायरीवर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "गुरुजी, आमचा वकील जे बोलू शकला न्हाई ते तुमी बोललात."

त्याच क्षणी मी मागे फिरून आत जायला हवं होतं. समिती चहा पीत होती. मी नाही गेलो. पंधरा दिवसांनी त्यांच्या पतसंस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी मला शाल घातली, ती मी घेतली. वर दहा मिनिटं बोललोही.

ती शाल आता कुठे आहे, सांगतो. आईने पश्चिमेच्या खिडकीला बांधलीय. धूळ अडवायला. मी चिडून विचारलं, हे काय? ती परातीत पीठ चाळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यानं झाडं आनली हुती. तू शाल आनलीस. जे घरात हाय ते लावलं."

नितीन, इथवर मी तुला असं भासवलं की मी चुकलो. आता खरं लिहितो. मी चुकलो नव्हतो.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी तू आईच्या खाटेवर नकाशा पसरलास. मी पुस्तक धरून दारात बसलो होतो. तू तिला सांगत होतास, पिवळं म्हणजे आपली घरं, जांभळं म्हणजे कारखाने, क्रशर, आणि दोन्ही एकमेकांना लागू द्यायची नाहीत म्हणून मधलं हिरवं. ती म्हणाली, कुठली झाडं? तू वही काढलीस. ती सांगत गेली, करंज लाव, त्याची सावली दाट, निंब लाव, चिंच लांब लाव. आणि तू एकेक नाव लिहून घेत होतास, एखादा साहेब सांगतोय असं. मी एवढी भाषणं केली, पण आईला कधी विचारलं नाही की यात काय घालू. तिनेही कधी सुचवलं नाही. त्या दुपारी तिचं तोंड जसं दिसलं तसं माझ्या एकाही सभेत दिसलं नाही.

मला नकाशा कळला होता. पूर्ण कळला होता. तरी मी वेशीवर बोललो. रंभाजीबाबांच्या वीस पावलांवर मी तुझ्यावरचा राग काढला.

आता कामाचं. सरकारने पट्टा वगळण्याची सूचना राजपत्रात छापलीय. हरकत घ्यायची मुदत २५ मार्च. तू नोकरीत, तुला घेता येत नाही. गावात कुणी घेतली तर अधिकारी म्हणतील, तुमच्याच पुढाऱ्याने नको म्हटलं होतं. म्हणजे घ्यायची तर मीच. अर्ज लिहून झालाय. माझं ऑगस्टमधलं म्हणणं वस्तुस्थितीला धरून नव्हतं आणि हे मला तेव्हा माहीत होतं, असं दुसऱ्याच ओळीत आहे. त्या ओळीला तीन दिवस लागले. सतरा तारखेला नगरला तो स्वतः देणार आहे. त्याआधी येत्या रविवारी विहारात सगळ्यांसमोर वाचणार. आप्पासाहेबांच्या टाळीसकट.

त्या दिवशी तू येऊ नकोस. माफीसाठी उभा राहिलो तरी लोक तुझ्याकडेच बघतील, आणि मला ते सोसणार नाही. माझ्यात अजून हे आहे. अर्जात लिहिलं म्हणून गेलं नाही.

पट्टा मंजूर झाला तर त्याला तुझंच नाव राहील. राहू दे.

एक राहिलं. आई विचारतेय, करंजाच्या दोन रोपांत किती अंतर ठेवायचं. तिने डब्यांत पंधरा बिया लावल्यात, मंजुरीची वाट न बघता. मी म्हणालो, दहा फूट पुरे. म्हणाली, नितीनला इचार. तेव्हा उत्तर पाठव, तिच्या नावाने पाठव. नेहमीसारखं मीच वाचून दाखवीन. तू जेवढं लिहिशील तेवढंच वाचीन, पदरचं काही घालणार नाही.

तुझा भाऊ,
महेंद्र