बाईंच्या वहीतली कोरी जागा

लंडन, मार्च १८७४

प्रिय आईस,
तुझ्या हेस्टरची दुरूनच मिठी. मी बरी आहे, खोकलाही जवळजवळ गेलाच. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या मालकीण पेनफोल्डबाई गरिबांच्या जेवणावर पुस्तक लिहितायत. स्वतःला अंडं उकडता येत नाही, पण मला रोज खोदून खोदून विचारतात.

काल म्हणाल्या, "रविवारी तुमच्याकडे मांस कोणाला किती मिळायचं?"

मी सांगितलं, बाबांना मोठा तुकडा, भावांना त्याहून लहान, मला रस्सा आणि पाव.

"आणि आईला?"

"ती वाढायची."

"अगं, ते कळलं. पण खायची काय?"

मला काही केल्या आठवेना. बाईंनी वहीत तुझ्या नावापुढची जागा कोरी सोडलीय.

खरं काय ते कळव. बाईंना सांगायचं की नाही, ते मी बघेन.

तुझीच,
हेस्टर