अण्णांचे पाय

प्रिय बायो,

पत्र बघून दचकू नकोस. सगळे ठीक आहेत, म्हणजे माझे पाय सोडले तर. फोनवर तू विचारतेस, "बरा आहेस ना दादा?" मी म्हणतो, "बरा आहे," आणि मग आपण उगाच हवापाण्याचं बोलत बसतो. म्हणून लिहायला बसलो.

आधी बातमी सांगतो. अण्णांचं सलून मी आपल्या जुन्या कारागिराला चालवायला दिलं. त्यानं आरसे तसेच ठेवलेत, खुर्च्या मात्र बदलल्या. तो जे देतो त्यात माझी औषधं कशीबशी निघतात. घर तुझी वहिनी चालवते. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात ती दिवसभर चादरींना इस्त्री करते आणि घरी आल्यावर स्वतःचा खांदा स्वतःच दाबते. मी दाबू का म्हटलं तर म्हणते, "तुम्ही तुमचे पाय सांभाळा."

साखर मला आहे हे तुला माहीत होतं. ती पायांत उतरलीय हे मी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला नुसत्या मुंग्या यायच्या. आमची मुंगी तेव्हा गंभीर चेहरा करून विचारायची, "बाबा, मी तर इथे आहे, मग तुमच्या पायात कोण शिरलंय?" आम्ही हसायचो. मग तळवे पेटले. तापलेल्या तव्यावर उभं राहून कुणाची तरी दाढी करायची, असं समज. मधूनच करंगळीतून पोटरीपर्यंत सणकन झटका जातो, विजेची तार चिकटल्यासारखा. चादरीचं टोक लागलं तरी जीव कासावीस होतो. आणि त्याच तळव्यात एकदा फुटक्या बाटलीची काच रुतली, तर मला पत्ताच नाही. लादीवर रक्ताचे ठसे दिसले तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसा खराब झाल्यात, नको तिथे ओरडतात आणि हवं तेव्हा गप्प बसतात. साखर आटोक्यात ठेवा, दुखणं कमी करता येईल, पण गेलेल्या नसा परत येतील असं मी सांगणार नाही.

त्यांनी गोळ्या दिल्या. आग निम्मी झाली, पण डोळ्यांवर झापड यायला लागली. रिटायर झालेले ते पोस्टमास्तर आठवतात? अण्णांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. त्यांच्या कानाखाली माझा वस्तरा लागला. रुमाल दाबून धरत ते म्हणाले, "अरे, होतं असं कधी कधी." पुन्हा आले ते कारागिराच्या खुर्चीत बसले. मी त्यांना नावं ठेवत नाही, माझ्या हातात वस्तरा बघून मीही बसलो नसतो. गोळी घेतली तर हात धड राहत नव्हता, नाही घेतली तर पाय. कामाच्या दिवशी गोळी चुकवायला लागलो, स्टुलावर बसून केस कापून पाहिले. बसून केस कापणारा बघितला की लोकांना वाटतं, याला कामाचा कंटाळा आलाय. एके दिवशी कारागिरापुढे रांग होती आणि माझी खुर्ची रिकामी. दुकान बंद करताना मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. तो घेईना. म्हणाला, "मालक, तुम्ही नुसते गल्ल्यावर बसा." मला ते जमलं नसतं.

घरी बसल्यापासून अण्णा फार आठवतात. गल्ल्याखाली त्यांची पाण्याची बादली असायची, गिऱ्हाईक नसलं की पाय त्यात. आपण त्यांना चोरून 'बदक' म्हणायचो. आईनं विचारलं तर म्हणायचे, "उकडतंय." ऐन थंडीतही उकडतंयच. पायांना कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, कारण नसताना आपल्यावर खेकसायचे. त्यांना साखर होती हे आपल्याला कळलं ते अगदी शेवटी, टाचेची जखम चिघळल्यावर. किती वर्षं तसेच उभे राहिले असतील, कुणास ठाऊक.

आता जे फोनवर सांगता येत नाही ते. मागच्या रविवारी मी आरशापुढे भांग पाडत होतो. मुंगी मागून आली आणि आरशात दिसावं म्हणून टुणकन माझ्या पावलांवर चढली. मी तिला झिडकारलं. मुद्दाम नाही गं, पाय आणि हात दोन्ही आपोआप उडाले. ती कपाटावर आदळली, भुवईपाशी टेंगूळ आलं. रडली नाही. माझ्याकडे नुसती बघत राहिली, आणि ती नजर मी आधी पाहिलेली होती, बायो. तू शाळेतून धावत सलूनमध्ये आली होतीस, अण्णांच्या पावलांवर उभी राहायला, ते तुला तसंच चालवत दारापर्यंत न्यायचे म्हणून. त्यांनी तुला भिरकावलं होतं. खुर्चीच्या लोखंडी पायरीवर तुझी हनुवटी फुटली. त्यानंतर तू त्यांच्याजवळ कधी गेली नाहीस. शेवटच्या आजारातही आलीस ती उंबऱ्यापाशी उभी राहिलीस. आम्ही तुला दगड म्हणालो. ते मनाला लावून घेतलं असशील, आणि तुझं चुकलं नव्हतं.

अण्णांचंही चुकलं नव्हतं, असं मला आता वाटतं. पण नंतर ते त्याबद्दल तुझ्याशी एका शब्दानंही बोलले नाहीत, हे मात्र खरं.

मुंगी आता माझ्या खुर्चीला लांबून वळसा घालून जाते. पाणी मागितलं तर पेला स्टुलावर ठेवून मागे सरते. मी तिला म्हटलं, "बाबांचा पाय दुखतो ना, म्हणून झालं." तिनं मान हलवली, पण वळसा तसाच आहे. हे असंच चालू राहिलं तर तीही उंबऱ्यापर्यंतच येईल, याची मला पायांपेक्षा जास्त भीती वाटते. वहिनीला हे समजत नाही, डॉक्टरीणबाईंकडे यावर गोळी नाही. त्या जागी उभी राहिलेली मला माहीत असलेली तू एकटीच. म्हणून विचारतो. त्या दिवशी, हनुवटीला फडकं धरून तू बाकावर बसली होतीस, तेव्हा अण्णांनी तुझ्याशी काय बोलायला हवं होतं? आठवत असेल तेवढं कळव. मला मुंगीला तेच सांगायचंय.

तुझाच,
दादा